सुमितचा नंबर

काकांनी बोलायला सांगितलं तेव्हाच मृणालला नाही म्हणावंसं वाटलं. पण नाही म्हणायची सोय होती का? सुमितचे वडील, सखारामकाका, विठ्ठलवाडीहून कोपरला तिच्या घरी आलेले. पोरगा डेंग्यूने गेला, सत्तावीस वर्षांचा. रविवारी बुद्धविहारात त्याच्या पुण्यानुमोदनाचा, आदरांजलीचा कार्यक्रम होता.

"नातेवाईक सगळे लहानपणचं बोलतील," काका म्हणाले. "मोठा झाल्यावर तो तुमच्यातच असायचा ना. तुमच्या त्या खेळात त्याने काय काय केलं, दोन शब्द सांग, बाळा. एवढंच."

एवढंच! आणि नेमकं तेवढंच मृणालकडे नव्हतं.

खेळ म्हणजे काय, तर टेबलाभोवती बसून गोष्ट रचायची. मृणाल गोष्ट चालवणार, बाकीचे तिघं त्या गोष्टीतली माणसं होणार. दरी आली, राक्षस आला, की ती एकेकाला विचारणार, "तू काय करतोस?" त्याने सांगायचं, फासा टाकायचा, पडेल ते भोगायचं. दोन वर्षं दर रविवारी हे चाललेलं. कोणाला किती वेळ द्यायचा, सगळं मृणालच्या हातात. आणि बाईसाहेब तो देत होत्या कोणाला? तर ऋतुराजला. ऋतुराजचं तोंड म्हणजे चालू नळ. दुसऱ्याला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरसुद्धा तोच देणार. पण पोरगा हसवायचा, खेळ रंगायचा, मग कोण अडवतंय त्याला? उरलेला वेळ ऐश्वर्या भांडून घ्यायची. सुमित भांडणाऱ्यातला नव्हता. हनुवटी हातावर टेकवून तो ऐकत बसायचा आणि मृणालने स्वतःची समजूत घातलेली, की ह्याला ऐकायलाच आवडतं. फार सोयीची समजूत!

शेवटच्या रविवारी तिने त्याला विचारलेलं, "सुमित, तू?" तो तोंड उघडतोय तोवर ऋतुराज म्हणाला, "अरे, तो येतोय माझ्या मागून. चल पुढे." आणि ती गेली पुढे. सुमित हसला. हसला म्हणजे ह्याला चालतंय, असं तिने धरलं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तिघं जमले. डोकं खाजवून खाजवून सुमितचं एक काही आठवेना. ऐश्वर्या रडायला लागली. "काय माणसं आहोत यार आपण!"

ऋतुराज फासा बोटांत फिरवत बसलेला. मग म्हणाला, "पुलाचं सांग. माझं. त्याला देऊन टाक."

ते पुलाचं प्रकरण म्हणजे त्यांच्या खेळातला सगळ्यात भारी प्रसंग. दोरांचा पूल, मागे शत्रूची फौज. ऋतुराजने एकट्याने पूल अडवून धरला, बाकीचे पलीकडे पोचले, मग दोर तोडून दरीत उडी घेतली. महिनाभर ते त्याच्यावरच बोलत होते. मृणालला वाटलं, काय बिघडलं? गेलेल्या माणसाला द्यायला आपल्याकडे दुसरं आहे तरी काय?

रविवारी विहार गच्च भरलेलं. वंदना झाली, काका-मामा बोलून झाले, आणि माईक मृणालच्या हातात आला. समोर सुमितचा फोटो, फोटोपुढे मेणबत्त्या. पहिल्या रांगेत सुमितची आई, रमाबाई. बिचारीच्या पोटात धड घास गेला नव्हता इतके दिवस. मृणालने पूल सांगितला. अगदी रंगवून सांगितला, तिचं कामच ते. रमाबाईंनी डोळे पुसले, ताठ बसल्या आणि शेजारणीला मोठ्याने म्हणाल्या, "माझा सुमित!"

जेवणाच्या वेळी सखारामकाका तिघांना पाण्याच्या पिंपाशी घेऊन गेले.

"छान बोललीस," ते म्हणाले. मग ऋतुराजकडे बघितलं. "पण पूल तर तू धरलेलास ना, बाळा?"

ऋतुराजने मृणालकडे बघितलं, मृणालने ऐश्वर्याकडे.

"रविवारी सुमितच्या आईला हॉस्पिटलात रात्रपाळी असायची," काका म्हणाले. "घरी आम्ही दोघंच. जेवताना सगळं सांगायचा तो मला, हातवारे करून. ऋतुराजने पूल कसा धरला, ऐश्वर्याने सरदाराला कसं गंडवलं. तुमची नावं पाठ झालीत मला. मी विचारायचो, आणि तू काय केलंस रे? तर म्हणायचा, बाबा, माझा नंबर यायचाय अजून. मला वाटायचं, आला असेल, लाजत असेल सांगायला. लहानपणापासून तसाच तो. म्हणून तुझ्याकडे आलेलो." त्यांनी मृणालकडे बघितलं. "आलेला का गं त्याचा नंबर? एकदा तरी?"

खोटं बोलणं सोपं होतं. एक पचलेलं, दुसरंही पचलं असतं. पण ह्या माणसासमोर तिची जीभच उचलेना.

"नाही, काका. मी दिलाच नाही त्याला."

"दोन वर्षं?"

तिने मान हलवली. काका रागावले नाहीत. त्यांनी कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं, असं तिला मनापासून वाटलं.

"काका, चूक माझी आहे, मीच..." ऋतुराज सुरू झाला.

"तू थांब," काका म्हणाले.

तेवढ्यात हातात ताट घेऊन रमाबाई आल्या. ताटातला भात अर्धा संपलेला. सोबत एक म्हातारी बाई.

"अगं मृणाल, ह्या माझ्या नणंदबाई. साताऱ्याहून आल्या, एसटी बंद पडलेली वाटेत. त्यांचं ऐकायचं राहिलं ना! ते पुलाचं सांग की त्यांना परत. सांग, सांग."

रमाबाईंच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आलेला. मृणालने काकांकडे बघितलं. ते खाली बघत होते. खरं सांगावं तर ह्या बाईच्या हातातलं ताट गळून पडेल. मृणाल बोलायला लागली.

"पूल दोरांचा होता. बाकीचे सगळे पलीकडे गेलेले. सुमित एकटा मधे उभा..."

आणि तिचा आवाजच गेला. ऐश्वर्याने तोंड फिरवलं. ऋतुराज भिंतीकडे बघत उभा.

"मग गं?" नणंदबाईंनी विचारलं.

"मग त्याने दोर हाताला गुंडाळला," सखारामकाका म्हणाले. मान खालीच होती. "उजव्या हाताला. आणि डाव्या हाताने कुऱ्हाड घातली. एका घावात नाही तुटला दोर, तीन घाव लागले. तोवर फौज अगदी अंगावर आलेली. पण हा हलला नाही. मला सगळं सांगितलेलं त्याने."

रमाबाई नवऱ्याकडे बघतच राहिल्या. "तुम्ही मला कधी बोलला नाहीत ते."

"तुझी रात्रपाळी असायची," काका म्हणाले.