खंडेनवमीचा नारळ

माझे कान गेलेत हे खरं, पण लोकांना वाटतं तितके गेलेले नाहीत. चिंचवडात स्टेशनाकडच्या लाकडाच्या वखारीत मी इंजन चालवायचो. तेलावरचं जुनं धूड, त्याच्या पट्ट्यावर करवत फिरायची. उभा जन्म त्या धडधडीशेजारी काढल्यावर कान शाबूत कसे राहणार? माणसं माझ्याशी ओरडून बोलायला लागली. आणि मला नको असेल तेव्हा मी नुसतं 'काय म्हणालात?' म्हणायचो. निम्मी माणसं तिथंच कंटाळून निघून जायची. बहिरेपणाचा तेवढाच काय तो फायदा.

रंगराव मालक आणि मी एका वयाचे. त्यांनी वखार घातली तेव्हा पत्र्याची शेड आणि हे इंजन, एवढाच काय तो पसारा. मी पारनेरकडचा, पोटामागं आलेला. मालकांनी शेडला लागून असलेली खोली दिली, मंडळींना घेऊन या म्हणाले. आमच्या दुर्गाबाईच्या हातची भाकरी त्यांनी आमच्या उंबऱ्यात बसून कितीदा तरी खाल्ली आहे. माणूस वाईट नव्हता. पण नकोशी गोष्ट तोंडावर सांगायची म्हटली की त्यांची छाती व्हायची नाही. गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं असलं तरी मारुतराव दिवाणजींना पुढं करायचे आणि आपण पान लावत बसायचे.

त्या वर्षी पिंपरीला औषधाचा कारखाना चालू झालेला, तिकडं निर्वासितांच्या कॅम्पात घरांवर घरं उठत होती, फळ्यांना मरणाची मागणी. वखारीच्या दारापर्यंत विजेचे खांब आले. इंजन जाणार आणि मोटर येणार, हे मला दिसत नव्हतं असं नाही. पण मोटर झाली तरी तिला बघायला माणूस लागेलच की, असं मी धरून चाललो होतो. काय डोंबल लागतो माणूस. खटका दाबला की झालं.

खंडेनवमीला वखार बंद असायची. करवती, कुऱ्हाडी, पान्हे धुऊनपुसून मांडायचे, इंजनाला झेंडूची माळ घालायची आणि नारळ मी फोडायचा. तो मान माझा होता. त्या खंडेनवमीला आरती झाली आणि मालक पुढं आले. त्यांनी माझ्या खांद्यावर कोरं उपरणं टाकलं, हातात नारळ ठेवला आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले. मला त्यातलं 'विसावा' एवढंच ऐकू आलं. म्हटलं, दसऱ्याची सुट्टी वाढवली वाटतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, मला वाटलं उदबत्तीचा धूर लागला.

मी नारळ कपाळाला लावला, वळलो आणि इंजनाच्या पायाशी खाडकन फोडला. मारुतरावांनी कपाळाला हात लावला, तो नमस्कार असेल असं मी समजलो. मग खोबऱ्याचे तुकडे करून वाटले, पहिला तुकडा मालकांना. त्यांनी तो खाल्ला. काय करतील बिचारे.

दसरा झाल्यावर सकाळी नेहमीसारखा इंजन तापवायला गेलो तर शेडला कुलूप. मारुतराव दारातच उभे होते. मला बाजूला घेऊन कानाशी तोंड आणून म्हणाले, "उद्धवराव, त्या दिवशी तुम्हाला नारळ दिला होता."

"मग फोडला की."

"अहो, फोडायला नव्हता दिला. दिला होता."

तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला. नोकरीवरून काढलं की आपण 'नारळ दिला' म्हणतो, पण ते म्हणायचं. खराच नारळ हातात ठेवून कुणी माणसाला काढतं का? आमच्या मालकांनी काढलं. वर उपरणं.

मारुतरावांनी बाकीचं सांगून टाकलं. मालक एकरकमी पैसे द्यायला तयार होते. वखारीत आजवर कुणाला असे मिळाले नव्हते, कायद्यानं बांधलेलंही काही नव्हतं, आपल्या मनानं देत होते. फक्त राजीखुशीनं जायचं आणि दिवाळीच्या आत खोली मोकळी करायची. खोली पाडून तिथं मोटर बसवणार होते.

घरी येऊन दुर्गाबाईला सांगितलं. ती दळण पाखडत होती, सूप थांबलं नाही तिचं. पाखडता पाखडताच म्हणाली की नारळ तर मालकांनीही खाल्ला, मग नक्की कुणी कुणाला दिला? तिचं आपलं असं असतं. मग तिनं मला नीट समजावलं: काम गेलं तर गेलं, पैसे कमी घ्या, पण खोली मागा. पारनेरला भावांनी घर वाटून घेतलं होतं आणि त्यात आमच्या नावाचा कोपरासुद्धा ठेवला नव्हता. या खोलीशिवाय आम्हाला छप्पर नव्हतं.

मला ते सगळं पटत होतं. पण खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात दुसरंच बसलं होतं. इतकी वर्षं भाकरी खाल्ली या माणसानं आमच्या उंबऱ्यात, आणि दोन शब्द तोंडानं सांगता आले नाहीत? मी पिंपरीच्या बाजारात गेलो आणि नारळ विकत घेतला. वाजवून, पाणी बघून.

मालक गादीवर बसले होते, शेजारी मारुतराव. मी नारळ मालकांच्या पुढ्यात ठेवला.

"तो नारळ माझ्या हातून फुटला, मालक. हा नवा आणलाय. काय ते तोंडानं सांगून द्या. आणि खोली तेवढी राहू द्या, म्हातारपणी कुठं फिरू?"

त्यांनी नारळाकडं बघितलं. मारुतरावांकडं बघितलं, तर ते टाक पुसायला लागले. मग मालक खाली मान घालून हळू आवाजात म्हणाले, "उद्धवराव, तुमचं काम आता उरलं नाही. खोलीचंही जमायचं नाही."

इंजन बंद होतं. मला अक्षरन् अक्षर ऐकू आलं.

"काय म्हणालात?" मी विचारलं.

ते जरा वरच्या आवाजात पुन्हा बोलले. मी कानामागं हात धरला. म्हटलं, तुमच्या इंजनानं कान नेले मालक, मोठ्यानं सांगा. तेव्हा ते उठून उभे राहिले. मान लाल झाली होती. वखार दणाणेल अशा आवाजात ओरडले, "तुमचं काम संपलं! खोली सोडा!"

बाहेर फळ्या रचणारी माणसं होती तिथं थांबली. मालक मटकन खाली बसले. मग त्यांनी तो नारळ उचलला आणि दोन्ही हातांनी मला दिला. मला वाटलं होतं की असं केलं तर बरं वाटेल, जीव थंड होईल. कसलं काय. नुसता थकवा आला, वाटलं इथंच आडवं व्हावं. मारुतरावांनी पैसे पुढं केले ते मी न मोजता घेतले.

घरी आलो. दुर्गाबाई चुलीपुढं बसली होती, तिनं माझ्या हातातला नारळ बघितला. मी पैसे देवाजवळ ठेवले आणि भिंतीला टेकून बसलो. पलीकडं शेडमध्ये कुणीतरी इंजनाचा पट्टा उतरवत होतं. दुर्गाबाईनं निखारे मागं सारले आणि माझ्याकडं पाठ असतानाच अगदी हळू बोलली.

"आता कुठं जायचं आपण?"

ऐकू आलं मला.

"काय म्हणालीस?" मी म्हटलं.

तिनं वळून माझ्याकडं बघितलं. कोनाड्यातला कोयता घेतला आणि नारळ सोलायला बसली.