बिनतेलाचे मासे

लेकीने हौसेने एअर फ्रायर पाठवला आणि फोनवर बजावलं, "आई, आता गॅसपाशी ताटकळू नकोस. माशाच्या तुकड्यांना तेलाचं बोट लाव, दहा मिनिटांत जेवण तयार!"

लेकीला काय ठाऊक! कढईत तेल तापलेलं असलं की नवरा स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नसे. एरवी ऊठसूट हात उगारणारा हा वाघ उडत्या तेलाला टरकून असायचा. म्हणून ती मुद्दाम तळण लांबवायची.

आज त्या मेल्या डब्यात माशाचे पांढरे तुकडे मुकाट शिजत होते. ना चरचर, ना शिंतोडा.

पुन्हा लेकीचा फोन आला. "जमलं का गं आई?"

"जमलं की. तेल लागतच नाही," ती म्हणाली.

तिच्या पाठीमागे नवऱ्याने स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेतलं.