एका तांब्यासाठी

पाद्रीसाहेबांनी मेजावरचा पांढरा कपडा उचलला आणि मी उठून उभी राहिले.

"थांबा, साहेब. तो रस कुणाला देऊ नका."

अख्ख्या चर्चने माना वळवल्या. पुरुषांच्या बाजूला बसलेले आमचे मालक, शांतवन, दबक्या आवाजात म्हणाले, "खाली बस की! काय करायलीस?"

बसावंसं मलाही वाटत होतं. उदगीरच्या त्या चर्चमध्ये बावीस वर्षं प्रभुभोजनाचं मेज मी लावत आले होते. शनिवारी काळ्या मनुका भिजत घालायच्या, रविवारी सकाळी कुस्करून धुवट कपड्यातून रस गाळायचा, पावाचे तुकडे करायचे. दुसऱ्या कुणाला मी हातसुद्धा लावू देत नव्हते. मान होता तो माझा, आणि त्याचा तोराही होता, खोटं कशाला सांगू! आता तोंड उघडलं तर तो मान गेलाच. नाही उघडलं, तर माझं पाप साठ माणसांच्या पोटात जाणार.

झालं होतं ते असं. लातूर वेगळा जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. पाट्या आल्या, जीपगाड्या आल्या, पण त्या दुष्काळात आमच्या नळाला काही कुणी पाणी आणलं नाही. चार दिवसांआड टँकर यायचा. शुक्रवारी तो आला तेव्हा माझा नंबर पार शेवटी, आणि घरातला माठ आदल्या दिवसापासून कोरडा. माझ्यापुढे पलीकडच्या लिंगायत गल्लीतली नीलम्मा उभी होती. तिची सून नऊ दिवसांची बाळंतीण, हे मला ठाऊक होतं. तरी मी मोठ्याने म्हणाले, "बायांनो, मला पुढं सोडा गं. देवाच्या घरचं पाणी हाय. परवा प्रभुभोजन हाय आमचं."

बाया बाजूला सरकल्या. नीलम्माने तर हात जोडले. "देवाचं हाय म्हनल्यावर काय बोलावं? जा, अक्का."

मी तीन घागरी भरल्या. मनुकांना लागलं एक तांब्या पाणी. बाकी सगळं माझ्या घरात गेलं. नीलम्माचा नंबर आला तेव्हा टँकर संपला होता. तिने पाइप उचलून झटकला, पुन्हा झटकला. मी दारातून बघत होते. मग मी दार लावून घेतलं. किती वाईट बाई मी!

आणि रविवारी साहेब म्हणाले, "शेजाऱ्याशी ज्याचा सलोखा आहे, त्याने प्रभूच्या मेजाकडे यावं." दर महिन्याला ते हेच म्हणायचे. माझं सगळं लक्ष मेजावर सुरकुती पडली का याकडे असायचं. त्या दिवशी पहिल्यांदा ते शब्द मला ऐकू आले.

उभ्याउभ्याच मी सगळं सांगून टाकलं. बायकांच्या बाजूला कुजबुज सुरू झाली. सुमनबाईने तर कपाळाला हात लावला.

साहेबांचा चेहरा पडला. "सरजाबाई, हे उपासनेनंतर बोलू आपण."

"नंतर कसं, साहेब? समद्यांनी पिल्यावर?"

मागून चर्चचे एक पंच म्हणाले, "अहो, पाणी ते पाणी. त्याला काय झालंय? उरका आता."

साहेब त्या पंचाकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. मी पुढचा बाक धरून उभीच राहिले. शेवटी साहेबांनी कपडा पुन्हा मेजावर पसरला.

"आज पेला द्यायचा नाही," ते म्हणाले. "सरजाबाई, तुम्ही आधी तिच्याकडे जाऊन या. आम्ही इथं प्रार्थना करतो."

घरात एक घागर अजून भरलेली होती. ती डोक्यावर घेतली आणि रविवारच्या पांढऱ्या पातळात भर उन्हात नीलम्माच्या गल्लीत शिरले. दारादारांतून बाया बघत होत्या. माझ्या हातचं पाणी ती घेईल की नाही, हेही माहीत नव्हतं.

नीलम्मा ओट्यावर बसून बाळाची दुपटी नुसतीच झटकत होती. धुवायला पाणी कुठलं! मी घागर खाली ठेवली आणि सांगितलं, खालमानेनं, एका दमात.

तिने हातातलं दुपटं खाली ठेवलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आत बाळ रडायला लागलं.

"घरात पानी न्हाई म्हनली असतीस," नीलम्मा म्हणाली, "तरी सोडलं असतं की गं मी तुला. देवाला कशाला मधी घातलीस?"

मला रडू फुटलं. ती उठली, आतून आपली घागर आणली, माझी उचलून तीत ओतू लागली. निम्मी झाल्यावर थांबली.

"सुनंला एवढं बास. ऱ्हायलेलं घरी ने."

"न्हाई, नीलम्मा, हे समदं तुझंच हाय."

"तुझा नवरा काय हवा पिऊन ऱ्हातो? उचल."

तिनेच हात लावून घागर माझ्या डोक्यावर चढवली. निम्मी घागर फार हिंदकळते. पातळ खांद्यापासून भिजलं. घराची वाट चर्चवरूनच जाते. आत शेवटचं गीत चाललं होतं. मेजापाशी माझ्या जागी सुमनबाई उभी होती, तसेच भरलेले पेले गोळा करत होती. आत जायचा धीर झाला नाही. घागर डोक्यावर तशीच धरून मी दाराबाहेर उभी राहिले आणि गीत संपल्यावर सगळ्यांबरोबर "आमेन" म्हणाले.