उरावरची काचपाटी

मित्रांनो, मी चित्रं काढायची एक जुनी लाकडी फळी आहे. माझा स्वभाव मत्सरी आहे, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुरकुर नको.

एका सुताराने मला घडवलं. कुणाच्या तरी कपाटाचं काम उरकल्यावर उरलेला तुकडा होते मी. त्याची लेक ठमी तेव्हा भिंतीवर, दारावर, जागा मिळेल तिथे खडूने चित्रं काढायची. सुताराने मला रंधा मारला, कडा गोल केल्या आणि म्हणाला, "घे ठमे. आता माझ्या भिंती सोड."

तेव्हापासून ठमी माझी आणि मी तिची. ती मोठी झाली, माझ्यावर कागद ठेवून मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढू लागली. माझ्या अंगावर तिच्या चहाच्या कपांचे गोल उमटले, निळ्या शाईचा एक ओघळ सुकला. पाहुणे म्हणायचे, "अहो, ही फळीच फ्रेम करून लावा!" मी आनंदाने फुगायचे. लाकूड पावसाळ्यात फुगतं, तशी नव्हे, त्याहून जास्त.

मग घरात टॅब आला. ठमीने लाडाने त्याला नाव ठेवलं, काचपाटी. मला इतक्या वर्षांत कधी नाव मिळालं होतं? नुसती फळी! ठमीने तिला नाव ठेवलं आणि मी नावं ठेवत बसले. तिला मऊ फडक्याने पुसायचं, तिचं चार्जिंग सांभाळायचं, तिला खास पिशवीत घालायचं. एकदा संपादकांचा फोन आला, "हत्ती जरा डावीकडे सरकवा." ठमीने बोटाने हत्ती सरकवला! माझ्यावर असता तर अख्खं चित्र पुन्हा काढावं लागलं असतं. हे खरं होतं, म्हणूनच माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

माझी रवानगी कपाटामागे झाली. तिथूनच मला ऐकू आलं, की ठमीची मान दुखते. टेबलावर आडव्या ठेवलेल्या काचपाटीवर ती तासन्‌तास वाकून बसायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, असंच चाललं तर हात उचलणंही जड जाईल. आणि मला काय वाटलं? बरं वाटलं. म्हटलं, भोगा आता काचपाटीची फळं.

सुतार आता थकला होता, लेकीकडेच राहायचा. एका सकाळी त्याने मला कपाटामागून ओढून काढलं, धूळ झटकली. माझा जीव सुपाएवढा झाला. पण त्याने मला टेबलावर आडवं टाकलं, माझ्यावर काचपाटी ठेवून माप घेतलं आणि माझ्या पोटावरून पेन्सिलीची रेघ ओढली. त्याला काचपाटीसाठी तिरकं स्टँड करायचं होतं. ज्या हातांनी मला घडवलं, त्याच हातांत करवत होती. माझे तुकडे होणार, आणि तेही तिच्या बैठकीसाठी!

तेवढ्यात ठमी आत आली. "बाबा, थांबा! तिला नका कापू."

"अगं, पडूनच तर आहे. तुझ्या मानेपेक्षा फळी मोठी का?"

ठमी खुर्चीत बसली. मान चोळत म्हणाली, "बाबा, काचपाटीवर मला सुरुवातच जमत नाही. रेघ चुकली की पुसता येते, मग मी पुसतच बसते. सकाळ जाते आणि पान कोरंच. कागदावर चुकलेली रेघ दिसत राहते, तिच्यातूनच पुढचं सुचतं. काल मी पाठकोऱ्या कागदावर काढलं. मांडीवर घेऊन, चोरून."

"चोरून? कुणापासून?"

"माझ्यापासूनच. एवढी महागाची वस्तू आणली ना."

"मग देऊन टाक ती कुणाला."

मी मनात म्हटलं, दे, दे!

"छे! रंग तिच्यावरच भरणार मी. दर वेळी हत्ती पहिल्यापासून काढायचं त्राण नाही माझ्यात."

सुताराने करवत खाली ठेवली. डोकं खाजवलं. मग माझ्या पाठीला बिजागऱ्या लावून दोन पाय जोडले, खालच्या कडेला एक पट्टी ठोकली. मी तिरकी उभी राहिले. "बस आता," तो म्हणाला, "ताठ."

आता सकाळी माझ्यावर कागद असतो आणि ठमी त्यावर मनसोक्त चुकते. मग ती काचपाटीनेच चित्राचा फोटो काढते, कागद उचलते, आणि माझ्यावर काचपाटी चढते. सवत उरावर आणून बसवणं म्हणतात, ते हेच! ठमीची मान मात्र सुधारली आहे. मलाही त्याचं बरंच वाटतं. पूर्वीसारखं नव्हे, चांगलं बरं.

मित्रांनो, नवी वस्तू जरूर आणा. पण म्हणून जुनीला लगेच कपाटामागे ढकलू नका. तुमची सुरुवात कदाचित तिच्याजवळच राहिलेली असेल. आणि कुठल्याही पाटीपुढे बसा, मान जपा. मान काही बाजारात नवी मिळत नाही.

माझा मत्सर गेला का? नाही. परवाच कुणीतरी चित्र पाहून विचारलं, "टॅबवर काढलंत ना?" अजून जळते आहे मी. फक्त एवढंच, की काम करून करून काचपाटी तापते, आणि थंडीच्या दिवसांत ती ऊब माझ्या लाकडात हळूहळू उतरते. तेव्हा मी गप्प राहते.

ठमीला वाटतं, आमचं जमलं. वाटू दे.