वेंडल कॉर्लिसचा कॅम्पर

शाळेच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं काढलेल्या बाईला सहसा कशाची किळस येत नाही. रोवेना स्टॅकहाउसने सिंकखालची तुंबलेली, तेलकट गटारं स्वतःच्या हातांनी उपसली होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत बंद पडलेल्या फ्रीजरमधलं कुजकं मांस बादल्या भरभरून बाहेर काढलं होतं आणि संध्याकाळी घरी येऊन नीट जेवली होती. त्यामुळे मे महिन्यातल्या त्या शनिवारी ती तोंड दाबून कॅम्परमधून बाहेर पळाली आणि कुंपणाशी वाकून भडाभडा ओकली, तेव्हा तिचा नवरा मर्ल हातातला पाना तसाच धरून बघत राहिला.

"काय झालं गं?"

"आत जाऊन बघ," ती तोंड पुसत म्हणाली. "आणि नाकाला फडकं बांधून जा."

कॅम्पर घेऊन तीन आठवडेच झाले होते. पिकअपच्या मागच्या हौद्यात बसवायची ती खोली, पस्तीस वर्षांची जुनी. आत दोन शेगड्या, छोटा फ्रीज, जेवायचं टेबल, आणि ड्रायव्हरच्या केबिनच्या टपावर पुढे आलेल्या भागात झोपायची जागा. मर्लने जन्मभर काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, रस्त्यांवरचा बर्फ ढकलला होता. निवृत्त झाल्यावर मोंटानातली सगळी तळी एकेक करून बघायची, हे दोघांचं फार दिवसांचं बोलणं होतं. त्यात चर्चमधल्या वेंडल कॉर्लिसने आपला कॅम्पर विकायला काढला. वेंडल आणि त्याची बायको मुलीकडे ॲरिझोनाला कायमचे निघाले होते. वेंडल म्हणजे दर रविवारी दारात उभा राहून प्रत्येकाचा हात दोन्ही हातांत घेणारा माणूस. त्याच्यावर शंका घ्यायचं कुणाच्या मनातही आलं नसतं.

त्याच्या अंगणात कॅम्पर चार जॅकवर उभा होता. आत देवदाराच्या वासाची कागदी झाडं टांगलेली, भिंतींना नवीकोरी फिकट पॅनेलं.

"पाणी गळतं का कुठे?" मर्लने विचारलं होतं.

"माझ्याकडे असेपर्यंत एक थेंब नाही," वेंडल म्हणाला होता, अगदी डोळ्यांत बघून.

"मग पॅनेलं का बदललीत?" रोवेनाने विचारलं.

"बायकोला जुना रंग आवडायचा नाही. आत अंधार वाटतो म्हणायची."

ते पॅनेल एकदा दाबून बघावं असं रोवेनाच्या मनात आलं होतं. पण त्याची बायको लिंबू सरबताचे ग्लास घेऊन उभी होती. दुसऱ्याच्या घरी भिंती चाचपत कोण फिरतं? तिने सरबत प्यायलं आणि गप्प बसली. पुढे कितीतरी दिवस तिला त्या सरबताचा राग येत होता.

घरी आणल्यावर चार दिवस ऊन पडलं आणि देवदाराच्या वासामागून दुसरा वास यायला लागला. आधी कुबट, मग आंबूस, मग डोळ्यांत चुरचुरणारा. रोवेनाने गाद्या उन्हात टाकल्या, कपाटं व्हिनेगरने पुसली, फ्रीज सोडा घालून धुतला. वास हलेना. शेवटी त्या शनिवारी ती झोपायच्या जागेवर गुडघे टेकून चढली आणि पुढच्या पॅनेलचे स्क्रू काढायला लागली. स्क्रू फिरवावेच लागले नाहीत. बोटांनी ओढताच लोण्यातून सुरी निघावी तसे बाहेर आले.

पॅनेलमागे भिंत अशी नव्हतीच. लाकडाच्या पट्ट्या काळ्या पडून भिजलेल्या. बोट लावलं तर अर्धं बोट आत जाई आणि त्या खळग्यातून तपकिरी पाणी पाझरे. पट्ट्यांच्या मध्ये उबेसाठी भरलेल्या काचलोकरीत उंदरांनी घरं केली होती. एकावर एक, वर्षानुवर्षांची. लेंड्यांचे थर, मुतून मुतून पिवळ्या पडलेल्या गुठळ्या, वाळलेली शेपटं. आणि त्या सगळ्यावर कुणीतरी डबाबंद फेस मारलेला होता, भेगा बुजवायला मारतात तो, फुगून कडक होणारा. घरट्यात उंदीर असतानाच मारलेला. एक उंदीर त्या पिवळ्या फेसात छातीपर्यंत रुतून वाळला होता, पुढचे दोन्ही पाय बाहेर, तोंड उघडं. त्याच्या शेजारीच, फेसाला बाजूने कुरतडून केलेल्या नव्या बिळात, आठ-दहा गुलाबी पिल्लं वळवळत होती.

एवढं बघूनही रोवेना ओकली नसती. तिला उमळून आलं ते फेसाशेजारच्या पट्टीवर पेन्सिलीने नीटस लिहिलेली मापं बघून. वेंडलने इथे गुडघे टेकून, हे सगळं डोळ्यांनी बघून, पॅनेल कापायचं माप घेतलं होतं.

मर्ल आत जाऊन आला आणि पायरीवर बसला. मग त्याने शिव्या द्यायला सुरुवात केली. पुढचे आठ दिवस तो शिव्याच देत होता. जेवताना, दाढी करताना, पेट्रोलपंपावर ओळखीच्या माणसाला थांबवून. ॲरिझोनाला फोन लावला तर वेंडल शांतपणे म्हणाला, "मर्ल, जुनी वस्तू आहे. आहे तशी घेतलीस तू. देव तुमचं भलं करो."

"दोन्ही हातांत हात घेतो लेकाचा," मर्ल फोन आपटत म्हणाला. "माणूस आहे का कोण आहे हा? ह्याच्याशी मी हात मिळवत होतो बारा वर्षं."

रोवेनाला त्याच्या रागाचं बरं वाटलं होतं. आपला नवरा निदान भडकतो तरी, असं वाटलं होतं.

मग तिच्या बहिणीच्या, ॲग्नेटाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि रोवेना तिच्यासाठी आठवडाभर बिलिंग्जला गेली. परत आली तेव्हा अंगणात कॅम्पर चकाकत होता. दारात व्हॅनिलाचा वास. आत झोपायच्या जागेसमोर पांढरं पॅनेल, कडेला छानशी पट्टी ठोकलेली.

"विकायला काढलाय," मर्ल म्हणाला. "रविवारी एक बाई येतेय बघायला."

"आतलं सगळं काढलंस?"

"पिल्लं काढली. बाकी झाकलं."

"कशाने झाकलंस?"

मर्ल हात धुवायला निघून गेला. शेडमध्ये कचऱ्याच्या पिंपात फेसाचे चार रिकामे डबे पडलेले तिने स्वतःच बघितले.

"घेणाऱ्याला सांगणार आहेस ना?" तिने परत येऊन विचारलं.

"विचारलं तर सांगीन की."

"मर्ल."

"अगं, आपल्याला कुणी सांगितलं होतं? सगळी भिंत उघडायची म्हणजे उन्हाळा गेला. माझी कंबर तुला माहीत आहे. आपण काय जन्मभर ही घाण उराशी धरून बसायचं?"

रविवारी दुपारी बाई आली. नाव नडीन ऑस्ट्रँडर, वय पस्तिशीचं, उन्हाने रापलेली, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. नदीवर मासे मोजायच्या सरकारी कामावर तिची नेमणूक झाली होती. ऑक्टोबरपर्यंत कॅम्परमध्येच राहायचं होतं, एकटीला. तिने जॅक फिरवून बघितले, शेगडी पेटवून बघितली, टॉर्च घेऊन टेबलाखाली वाकली. माहितगार होती. रोवेना दाराशी पायरीवर उभी होती. आता ही पुढचं पॅनेल दाबून बघेल, असं तिला वाटत होतं. पण मर्ल नेमका तिच्या आणि पॅनेलच्या मध्ये उभा होता, हसतमुख, एक हात सहज भिंतीवर टेकवून.

"पाणीबिणी गळतं का कुठे?" नडीनने विचारलं.

"माझ्याकडे असेपर्यंत एक थेंब नाही," मर्ल म्हणाला.

अगदी डोळ्यांत बघून म्हणाला. आवाज अडखळला नाही, मान खाली गेली नाही. उलट जरा मऊच झाला आवाज, चर्चमध्ये बोलतात तसा. ह्या माणसाच्या शेजारी ती अडतीस वर्षं झोपत होती आणि हा आवाज त्याच्याकडे आहे, हे तिला ठाऊक नव्हतं. आत्तापर्यंत कितीदा वापरला असेल, कुणावर वापरला असेल, असा विचार आला आणि तो तिने तिथेच तोडला.

ती आत चढली. "जरा सरक," असं मर्लला म्हणाली. ड्रॉवरमधला स्क्रूड्रायव्हर घेतला, पट्टीच्या फटीत घातला आणि जोर दिला. पॅनेल एका बाजूने सुटून तिच्या अंगावर आलं. मागून ओल्या लाकडाचा भुगा गादीवर सांडला आणि तो वास एकदम सगळ्या खोलीत पसरला.

"हे असं आहे," रोवेना म्हणाली. "आम्हालाही असंच झाकून विकलं होतं."

नडीनने टॉर्चचा झोत त्या भोकात टाकला. बराच वेळ बघितलं. मग टॉर्च बंद केली, रोवेनाला म्हणाली, "आभारी आहे," आणि खाली उतरली. मर्लजवळून जाताना तिने त्याच्याकडे एकदाच बघितलं, टॉर्चच्या झोतात दिसलं होतं त्याकडे बघावं तसं. गाडी सुरू करून निघून गेली.

"परक्या बाईसमोर माझं नाक कापलंस," मर्ल म्हणाला.

"ती तिथे झोपणार होती, मर्ल. पाच महिने. तो वास घेत."

"वेंडलने आपल्याशी तेच केलं ना?"

"म्हणून तर म्हणतेय. आठ दिवस तू त्याला काय काय बोलत होतास?"

"ते वेगळं," मर्ल म्हणाला आणि टीव्हीपुढे जाऊन बसला.

सोमवारी सकाळी रोवेनाने मास्क लावला, कोपरापर्यंत हातमोजे चढवले, ब्लीच पाण्यात कालवून फवारणीचा पंप भरला आणि कामाला लागली. आधी सगळं भिजवायचं, मग उचलायचं, म्हणजे धूळ उडत नाही, हे तिला शाळेतल्या नोकरीत शिकवलं होतं. पुढची भिंत, मग डावी, मग छताचा पुढचा तुकडा. काळ्या पिशव्या भरत होत्या. तिसऱ्या दिवशी कळलं की पाणी शिरत होतं ते टपावरच्या लाल-पिवळ्या दिव्यांच्या भोकांतून. वीस मिनिटांचं काम होतं ते, चिकटपट्टी आणि फटी बुजवायचं सीलंट लावण्याचं. तेवढं न केल्याने ही सगळी नासाडी झाली होती. वेंडलने वेळच्या वेळी केलं असतं तर झाकायला काही उरलंच नसतं.

लाकडाच्या नव्या पट्ट्या तिने दुकानातून कापून आणल्या. जुन्यांच्या मापाने एकेक बसवली, काही उलट्या बसवल्या, पुन्हा काढल्या. जूनच्या शेवटी प्लायवूडचा मोठा तक्ता तिला एकटीला पेलेना. ती तो डोक्यावर धरून उभी असताना मर्ल शेडमधून आला आणि काही न बोलता दुसरं टोक धरलं. त्यानंतर रोज यायला लागला. काम तो चांगलंच करायचा. त्याचं काम बघून तिचा राग थोडा निवळलाही. ऑगस्टमध्ये त्यांनी पाइप लावून टपावर तासभर पाणी सोडलं आणि आत बसून भिंतींवरून हात फिरवले. सगळं कोरडं ठणठणीत. वास फक्त नव्या लाकडाचा.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते एका तळ्यावर गेले. शेजारच्या जागेत आयडाहोचं एक जोडपं उतरलं होतं. सकाळी नवरा-बायको कॉफीचे मग घेऊन आले, कॅम्परभोवती फिरले, आत डोकावले. एवढ्या जुन्या वस्तूची अशी निगा बघितली नव्हती म्हणाले. रोवेना बाहेरच्या शेगडीवर बेकन परतत होती.

"कुजलेला होता पार," मर्ल खुर्चीत मागे रेलून सांगत होता. "ज्याने विकला तो चर्चमधला माणूस, बोला आता. मला कुणीकुणी सांगितलं, झाकून टाक आणि विकून मोकळा हो. एक बाई घ्यायलाही आली होती. बिचारी एकटी राहणार होती त्यात. मी म्हटलं, बाई, थांबा. पॅनेल उचकटून दाखवलं तिला. म्हटलं, हे असं आहे. मला नाही जमायचं असलं काही."

आवाज तोच होता. मऊ, न अडखळणारा.

"अशी माणसं राहिलीत कुठे," आयडाहोची बाई म्हणाली आणि रोवेनाकडे बघून हसली. "नशीबवान आहात."

"पॅनेल मी उचकटलं," रोवेना म्हणाली.

"हो, हो, आम्ही दोघांनी," मर्ल मोठ्याने हसला. पाहुणेही हसले.

रोवेनाने बेकन ताटल्यांत वाढलं. स्वतःची ताटली तिने तशीच ठेवली. दोन दिवस ती लागेल तेवढंच बोलली. तिसऱ्या दिवशी मर्लने विचारलं, "झालंय काय तुला?"

"त्या रविवारी काय झालं, तुला खरंच आठवत नाही?"

"कुठल्या रविवारी?"

तिने त्याच्या चेहऱ्याकडे नीट निरखून बघितलं. तो लपवत नव्हता. कपाळाला आठी घालून मनापासून आठवायचा प्रयत्न करत होता. त्याने स्वतःलासुद्धा पॅनेल ठोकून घेतलं होतं आणि मागे काय आहे ते त्याला आता माहीत नव्हतं. खोटं बोलला असता तर तिला भांडता आलं असतं.

"जाऊ दे," ती म्हणाली, आणि निघायची तयारी म्हणून कॅम्परचे जॅक वर घ्यायला उठली.

पुढच्या उन्हाळ्यात ॲग्नेटाचा गुडघा बरा झाला होता. रोवेना तिला बरोबर घेऊन पाच तळी फिरून आली. पिकअप तिनेच चालवला. निघताना मर्ल घराच्या पायरीवर उभा राहून म्हणाला की मलाही यायला आवडलं असतं. तिने टायरमधली हवा तपासली, हात पुसले आणि गाडी सुरू केली.