करिष्माच्या घरचं उटणं

वैभवीच्या चेहऱ्याची आग शांत व्हायला पावसाळा उलटून गेला. गालांवरची लाली मात्र राहिलीच. उन्हात दहा पावलं चालली की कातडीखालच्या बारीक लाल रेषा वर यायच्या आणि ती ओढणी तोंडावर घ्यायची.

ज्या क्रीमने हे झालं ती करिष्माने दिली होती. दोघी लकडगंजात एकाच गल्लीत वाढल्या. एका शाळेत गेल्या, एका ताटात जेवल्या. पुढे वैभवी कामठी रोडवरच्या शाळेत शिकवायला लागली आणि करिष्माने मेन रोडवर पार्लर उघडलं. पार्लरमध्ये ती पांढऱ्या डबीतली क्रीम विकायची. डबीवर ना नाव, ना गाव. "बाहेरून मागवते, तुले म्हणून देते," असं म्हणून तिने वैभवीला डबी दिली होती.

सुरुवातीला चेहरा काचेसारखा उजळला. मग क्रीम एक दिवस जरी चुकली तरी खाज सुटायची, आणि शेवटी गाल सुजून लालभडक झाले. त्वचेच्या डॉक्टरांनी गाल तपासले, डबी उघडून पाहिली, बाजूला ठेवली आणि म्हणाले, "यात स्टेरॉइड असणार. बंद करा. आता काही दिवस चेहऱ्याला मी देतो त्याशिवाय काहीच लावायचं नाही."

वैभवी करिष्माकडे गेली तेव्हा भांडायला गेली नव्हती. करिष्माने हळहळ दाखवली, तिला खुर्चीत बसवलं आणि फोटो काढला. "माल देणाऱ्याले दाखवते, जाब विचारते त्याले," म्हणाली.

तो फोटो पुढच्या आठवड्यात पार्लरच्या पेजवर आला. डोळ्यांवर काळी पट्टी होती आणि खाली लिहिलं होतं, 'घरगुती लेपांचे परिणाम बघा. स्वयंपाकघरातले प्रयोग चेहऱ्यावर करू नका. आमच्याकडे या.'

लहानपणी सायकलवरून पडल्याची वैभवीच्या हनुवटीवर आडवी खूण होती. ती पट्टीखाली झाकली गेली नव्हती. शाळेत पालकांच्या ग्रुपवर फोटो फिरला. सातवीच्या वर्गात मागच्या बाकावरून कुणीतरी 'बेसन मॅडम' म्हणालं आणि अख्खा वर्ग हसला. दरवर्षी स्नेहसंमेलनाचं निवेदन वैभवी करायची. त्या वर्षी मुख्याध्यापिकेने तिला बोलावून सांगितलं, "तुम्ही यंदा आराम करा. स्टेजवर लाइट फार असतात."

ती पुन्हा पार्लरमध्ये गेली.

"फोटो काढून टाक," ती म्हणाली.

करिष्मा कुणाच्या तरी भुवया कोरत होती. दोरा थांबला नाही. "नाव टाकलं का तुझं? डोळेही झाकले. तुले कोण ओळखून राहिलं?"

"सगळे ओळखून राहिले. आणि मी कधी घरचं काही लावलं होतं? तुझी क्रीम लावली होती."

"तुझी स्कीनच नाजूक आहे, त्याले मी काय करू? बिल आहे का तुह्याजवळ?"

खुर्चीतली बाई डोळे मिटून ऐकत होती. वैभवी तिथून निघाली. गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत तिला रडू येत होतं, पण घराचं फाटक उघडताना ते थांबलं. त्या जागी जे आलं ते थंड होतं, आणि तिला ते आवडलं.

त्यानंतर ती करिष्माशी भांडली नाही. रस्त्यात भेटली की हसायची. दिवाळीत फराळाचा डबाही पाठवला. करिष्माला वाटलं, निवळलं असेल.

संक्रांत जवळ आली. महिला मंडळाच्या अध्यक्ष सरिताताईंनी हळदीकुंकवाला काहीतरी नवीन ठेवायचं काढलं. वाण म्हणून करिष्मा आपल्या क्रीमच्या छोट्या डब्या देणार होती, ते ठरलंच होतं. वैभवी म्हणाली, "सोबत घरगुती उटण्याचं प्रात्यक्षिक ठेवा ना. शोभाकाकूंना बोलवा. त्यांच्यासारखं उटणं लकडगंजात कुणाले जमत नाही."

शोभाकाकू म्हणजे करिष्माची आई. वैभवी स्वतः त्यांना सांगायला गेली. भरदुपारी काकू गच्चीवर जिन्याच्या सावलीत संत्र्याच्या साली पसरत होत्या. सगळं ऐकून त्यांनी हात पदराला पुसले.

"मले कोण विचारते वं आता? करिष्मा तर म्हणते, आई, तुझं जुनं सोड."

"म्हणून तर. तिले सांगू नका आधी. अचानक पाहू द्या, कौतुक वाटेल."

काकूंचा चेहरा असा उजळला की वैभवीने नजर सालींकडे वळवली. एवढंच. परत फिरावं असं तिच्या मनात आलं नाही.

हळदीकुंकवाच्या दिवशी मंडळाचा हॉल भरला होता. करिष्मा पुढच्या रांगेत, शेजारी तिची धाकटी बहीण भूमिका. टेबलावर पांढऱ्या डब्यांचं तबक होतं. सरिताताईंनी शोभाकाकूंचं नाव घेतलं तेव्हा करिष्मा चमकली आणि मग ओढूनताणून हसली. आईला सगळ्यांसमोर थांबवणं तिला शक्य नव्हतं.

काकू आधी अडखळल्या, मग रंगल्या. "साली सावलीतच वाळवा, उन्हात कडक होतात. मसूर डाळ हलकी भाजायची आणि बारीक दळायची, रव्यासारखी ठेवाल तर चेहरा खरचटते. चिमूटभर हळद, तीही घरची. कालवायचं दुधात किंवा दह्यात. लिंबू कोणी सांगितलं तरी चेहऱ्याले लावू नका. आणि पहिल्यांदा कोपराच्या आत लावून एक दिवस पाहा, मगच चेहऱ्याले. घासायचं नाही, धुऊन टाकायचं."

बायका माना डोलवत होत्या. वैभवी मागे उभी होती. उत्तर ठाऊक असूनही तिने अगदी गोड आवाजात विचारलं, "काकू, करिष्माचा चेहरा इतका छान आहे. तिच्या चेहऱ्याले तुम्ही काय लावता?"

"हेच की," काकू अभिमानाने म्हणाल्या. "लहानपणापासून हेच. भूमिकालेही हेच. ते दुकानातली क्रीम तर करिष्मा घरात आणूच देत नाही. मागे भूमिकाने एक डबी उघडली, तर तिच्या हातातून ओढून फेकली. म्हणाली, हे आपल्यासाठी नाही."

बायकांच्या नजरा टेबलावरच्या डब्यांकडे वळल्या. काकू हसतच होत्या. आपण काय बोललो हे त्यांना कळलं नव्हतं.

वैभवी पुढे आली. तिने ओढणी खाली घेतली, फोनवर तो फोटो उघडला आणि सरिताताईंच्या हातात दिला. "ही मी आहे. खाली लिहिलं आहे, घरच्या लेपाने झालं. मी आयुष्यात लेप लावला नव्हता. मी ही क्रीम लावली होती."

"खोटं बोलून राहिली ते," करिष्मा उठली. "जळते माझ्यावर."

वैभवीने तबकातली एक डबी उचलली, झाकण काढलं आणि तिच्यासमोर धरली. "मग भूमिकाच्या गालाले लाव. इथंच, सगळ्यांसमोर. मी माफी मागते तुझी."

भूमिकाने बहिणीकडे पाहिलं. करिष्माचा हात जरासा उचलला गेला आणि मग परत साडीच्या निऱ्यांवर गेला. सरिताताईंनी तबकावर रुमाल टाकला आणि ते टेबलाखाली सारलं.

वैभवीने इतके महिने या क्षणाची वाट पाहिली होती. करिष्माचा रंग उतरताना तिने तो डोळे भरून पाहिला. अंगात गोड ऊब पसरली आणि तिने ती पसरू दिली.

फोटो त्याच संध्याकाळी पेजवरून गेला. होळीपर्यंत पार्लरला कुलूप लागलं. करिष्मा कुठे मावसबहिणीकडे भंडाऱ्याला गेली म्हणे. डबी घेतलेल्या तीन-चार बायका डॉक्टरांकडे गेल्या. शाळेत 'बेसन मॅडम' बंद झालं नाही, पण आता वैभवीला त्याचं काही वाटत नसे.

उन्हाळा लागताना एका सकाळी शोभाकाकू तिच्या दारात आल्या. आत बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. चौकटीला हात टेकून उभ्या राहिल्या.

"फोटोचं मले माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "तुझ्या चेहऱ्याचंही माहीत नव्हतं. ते म्हणाली होती, वैभवीले कसली तरी ॲलर्जी झाली."

"मले ठाऊक होतं काकू, तुम्हाले काही माहीत नव्हतं."

"ठाऊक होतं, आणि तरी माझ्याच तोंडून बोलवलं. मले येऊन सांगितलं असतं तर मी तिचा कान धरला असता. काहून नाही सांगितलं?"

वैभवीला बरीच उत्तरं सुचली. त्यातलं खरं तेवढं तिने दिलं.

"तुम्ही कान धरला असता तर फोटो गेला असता. तिले दुखलं नसतं."

काकूंनी मान हलवली, जणू हेच ऐकायला आल्या होत्या. "पोरगी माझी आहे वं. तिनं केलं ते वाईटच. पण त्या दिवशी हॉलमध्ये मले किती वर्षांनी कोणी मान दिला होता, तुले सांगू?"

त्या मागे वळल्या. पायऱ्या उतरताना त्यांनी कठडा धरला. वैभवी धावत जाऊन आधार देऊ शकली असती. ती दारातच उभी राहिली. काकू गल्लीच्या वळणावर दिसेनाशा झाल्यावर तिने स्वतःला विचारलं, पुन्हा तसंच करशील का. उत्तर लगेच आलं, आणि ते बदलावं म्हणून ती थोडा वेळ तिथेच थांबली. ते बदललं नाही. मग तिने दार लावून घेतलं.