किटलीचा प्रसंग

पडद्यावर आईने पुन्हा तोंड उघडलं.

फिल्मचा तेवढाच तुकडा टोकाला टोक चिकटवून लावला होता, म्हणून तो गोल फिरत होता. आई किटली उचलायची, चित्रपटातल्या नवऱ्याकडे बघायची, बोलायची. लगेच पुन्हा किटली उचलायची. थेल्मा अंधारात मायक्रोफोनसमोर उभी होती. आईला पुरून महिनाही झाला नव्हता.

चित्रपट विनोदी होता. काडीमोड घेणारं जोडपं सामान वाटून घेतं, असा तो प्रसंग. चित्रीकरणाच्या वेळी स्टुडिओवरून विमान गेलं आणि आईचं वाक्य त्या घरघरीत बुडालं. असली वाक्यं नंतर पुन्हा बोलून भरून घेतात. पण त्याआधीच आई गेली. थेल्माचा आवाज आईसारखा होता, म्हणून तिला बोलावलं होतं. तो जुळला नाही तर प्रसंग कापायचा, असं दिग्दर्शक गारसाइडने सांगून टाकलं होतं. मग आईच्या शेवटच्या चित्रपटात तिच्या वाट्याला नुसता भांडणांतला आरडाओरडा उरला असता.

"किटली तूच ठेव, जेरल्ड," थेल्मा म्हणाली. "घरात कुणीतरी तापणारं हवंच ना तुला."

"ओठ जुळले," गारसाइड म्हणाला. "पण मिस पॅस्को, ही बाई खुशीत निघालीय. तुम्ही दवाखान्यात बसल्यासारखं बोलताय."

तिने पुन्हा म्हटलं. पुन्हा. आईचा शेवटच्या दिवसांतला आवाज तेवढा तिच्या घशात राहिला होता.

गारसाइडने घड्याळ पाहिलं. "राहू द्या. कापू आपण."

"थांब रे, कसली घाई?" शेजारच्या मायक्रोफोनवरून जेरल्डचं काम करणारा ऑब्री टिंडल म्हणाला. आईचा नवरा म्हणून त्याने निम्मं आयुष्य पडद्यावर काढलं होतं. "पोरी, तुझी आई मला रात्रीच्या जेवणाला कशी टाळायची, आठवतं? मी फोन करायचो, आणि पलीकडून जणू राणीसाहेबच बोलायच्या."

"तुम्ही जेवायला आलात की उठायचा नाहीत, ऑब्रीकाका."

"बाई चांगलं रांधायची, त्यात माझा काय दोष?"

आईचा टेलिफोनवरचा आवाज. खाटकाला, घरमालकाला, कुणालाही नाही म्हणायचं असलं की आई पाठ ताठ करायची, भुवया उंचावायची आणि आवाजाला इस्त्री करायची. थेल्माने पाठ ताठ केली.

"किटली तूच ठेव, जेरल्ड. घरात कुणीतरी तापणारं हवंच ना तुला."

"हेच!" गारसाइड ओरडला. "ऐकवा."

आईचे ओठ हलले आणि थेल्माचा आवाज आला. कुठेही सांधा दिसला नाही. ऑब्री खो-खो हसला, मग हसता हसता रुमाल शोधू लागला. तो सापडेना. थेल्माने आपला दिला. तिच्या आत काहीच हललं नाही.

"मूळ आवाजाचं काय करतात?" तिने विचारलं.

"विमानाचा? काढून टाकतात." गारसाइड म्हणाला. "हवं तर एकदा लावतो."

"लावा."

घरघर सुरू झाली. ती वाढत गेली. त्याखाली कुणीतरी बोलत असावं, पण शब्द कळत नव्हते. थेल्मा शेवटपर्यंत उभी राहून ऐकत राहिली.

"नवीनच राहू द्या," ती म्हणाली आणि कोट घालू लागली.